गुरुवारचा बिघाड

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज अकरावं मशीन घरात आलं. हातमशीन, लाकडी पेटीसकट. रद्दीवाल्याच्या गोदामात एका मोडक्या पाळण्याखाली पडलं होतं. त्याला त्याची किंमत कळत नव्हती, मला कळते. हिने दार उघडलं, माझ्या खांद्यावरची पेटी पाहिली आणि एक शब्द न बोलता बाजूला झाली. संमती देण्याची ही पद्धत मला फार आवडते.

हॉलमध्ये चार, गॅलरीत तीन, पलंगाखाली तीन आणि आजचं तात्पुरतं ओट्याखाली. यातलं एकही तूर्त शिवत नाही. पण जुन्या शिलाई मशीनची दुरुस्ती म्हणजे काही पंक्चर काढणं नव्हे. आधी यंत्राचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. मी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात मीटर तपासनीस होतो. यंत्र खोटं कधी बोलतं आणि माणूस त्याला खोटं बोलायला कधी लावतो, हे मला कुणी शिकवायला नको.

दुपारी वाकलो तेव्हा पँटची शिवण उसवली. हिने ती हातानेच घालून दिली. 'घरात अकरा मशिनं आणि...' असं काहीतरी पुटपुटत होती. पुढचं ऐकू आलं नाही.

संध्याकाळी मिक्सर जरा जास्त आवाज करतो असं वाटलं म्हणून खालची झाकणी उघडून बघत होतो. हिने मिक्सर माझ्या हातातून काढून घेतला, स्वयंपाकघराचं दार लावलं आणि आतून आपल्या आईला फोन केला. बराच वेळ चालला होता. मायलेकींना रोज नवीन काय सापडतं बोलायला, देव जाणे.

४ फेब्रुवारी, बुधवार

योग म्हणतात तो असा! सकाळीच सासूबाईंचा फोन. त्यांचं मशीन बिघडलंय. "सवड असेल तर उद्या येऊन बघाल का, जावईबापू?"

सवड! त्या मशीनसाठी मी आजारपणातून उठून गेलो असतो. पायमशीन आहे, बॉबिन गोल नाही तर होडीसारखी लांबट, टाका घालताना ती मागेपुढे झुलते. काळ्या अंगावर सोनेरी वेलबुट्टी, अजून बरीचशी शाबूत. असं मशीन माझ्याकडे नाही, माझ्या ओळखीत कुणाकडेच नाही. मागे एकदा मी आडून आडून विषय काढला, तर सासूबाई म्हणाल्या होत्या, "माझ्या माघारी बघू." बाईंची तब्येत ठणठणीत आहे. म्हणून मी वाट बघतो आहे, म्हणजे घाई नाही असं म्हणायचंय मला.

एकदा दुरुस्तीच्या निमित्ताने पाय आत घातला की पुढचं पुढे. ही म्हणाली, "जा ना, सावकाश या, जेवूनच या." माझ्या छंदाला हिचा असा पाठिंबा प्रथमच मिळाला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सासूबाईंच्या घरी जाऊन आलो. दोन खोल्यांचं घर, तिसरा मजला, खिडकीशी मशीन. टाके सुटत होते. वरचा दोरा खालच्या दोऱ्याला भेटतच नव्हता. मी तेल दिलं, पट्टा तपासला, आतले दातरे साफ केले, होडी काढून पुसली. काही उपयोग नाही. तास-दीड तास खटपट केल्यावर लक्षात आलं, सुई उलटी बसवली होती! चपटी बाजू जिकडे हवी त्याच्या बरोबर उलट. हसावं की रडावं? ज्या बाईने हयातभर शिवलं, त्या बाईला सुई बसवता येईना. मी मोठेपणाने काही बोललो नाही, फक्त "वय होतं, आई" एवढंच म्हणालो.

"होतं खरं," त्या म्हणाल्या आणि जेवायला वाढलं.

जेवताना मीटरचे विषय निघाले. एका धोब्याने मीटरला चुंबक लावून पाणी चोरलं होतं, तो किस्सा सांगितला. घरी तो किस्सा सुरू केला की ही उठून कपडे वाळत घालायला जाते. सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकला आणि वर "मग?" असं विचारलं. निघायला चार वाजले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

पुन्हा बिघाड. या वेळी भलताच. पाय मारला की चाक गरगर फिरतं आणि सुई जागची हलत नाही. माझी मती गुंग झाली. अर्धं मशीन खोललं. शेवटी कारण निघालं ते चाकाच्या मधोमध असलेली चकती ढिली! बॉबिन भरताना ती ढिली करतात, म्हणजे चाक फिरतं पण सुई थांबते. भरून झाली की पुन्हा आवळायची. एवढी साधी गोष्ट विसरल्या. आठवड्यात केवढी घसरण!

टेबलावर दोन उशांचे अभ्रे पडले होते. कोरे करकरीत, टीप अशी सरळ की पट्टी लावून मारावी. मशीन बंद असल्यामुळे बाहेरून शिवून घेतले असणार. वाईट वाटलं. ज्यांनी लोकांना शिवून दिलं, त्यांच्यावर ही वेळ.

आज विहिरीच्या पंपाचा किस्सा सांगितला. सासूबाई हसता हसता डोळे पुसत होत्या.

घरी आलो तर मोरीत सात कप. मी विचारलं, "एवढे कोण आलं होतं?" ही म्हणाली, "कुणी नाही, आळशीपणा केला, एकेक कप वापरत गेले." घरातल्या माणसाची शिस्त बिघडली की भांडी लगेच बोलतात.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

मधल्या गुरुवारी होडीतला दोरा उलट्या बाजूने भरलेला सापडला होता, पट्टाही निसटलेला होता. आज दोऱ्याचा ताण धरणारा स्क्रू इतका ढिला की कापडाच्या खाली दोऱ्याचं नुसतं जंजाळ. पाच मिनिटांचं काम. पण पाच मिनिटांत उठलो तर दुरुस्तीला वजन राहत नाही, म्हणून दुपारपर्यंत खोलून ठेवलं.

सासूबाईंनी मला एक एप्रन दिला. जाड निळ्या कापडाचा, पुढे खिसेच खिसे. पेचकसाला अरुंद, तेलाच्या बुधलीला रुंद आणि चष्म्याला वेगळा. अंगात घातला तर मापात बसला. "कुठून आणलात?" विचारलं तर म्हणाल्या, "मिळाला." आजकाल बाजारात काय मिळेल सांगता येत नाही.

खरं सांगायचं तर गुरुवारची वाट बघू लागलो आहे. मशीन हळूहळू माझ्याकडे झुकतंय असं दिसतं.

१ मार्च, रविवार

मेहुण्याचा फोन होता. हिचा धाकटा भाऊ, दूरच्या शहरात राहतो, विमा कंपनीत आहे. त्यामुळे त्याला जिन्यातही आधी पडणारा माणूस दिसतो आणि मग पायऱ्या. गप्पांच्या ओघात मी सासूबाईंच्या सुईचा किस्सा सांगितला. मग चाकाचा, मग दोऱ्याचा. जरा तिखटमीठही लावलं. गोष्ट सांगायची तर पुरती सांगावी. तो पलीकडून हसत नव्हता. लाइन खराब असावी.

फोन ठेवल्यावर ही म्हणाली, "त्याला कशाला सांगितलंत?" मी म्हटलं, "गंमत म्हणून." "उचलली जीभ, लावली टाळ्याला," ही म्हणाली आणि आत गेली. हिला विनोदाचं अंग नाही, हे लग्नाच्या वेळी लक्षात आलं नव्हतं.

५ मार्च, गुरुवार

आज सुईखाली कापड दाबून धरणारी पट्टी खालीच येईना. तिच्या दांड्याचा स्क्रू अर्धा बाहेर आला होता. बसवला.

जेवताना सासूबाईंनी विचारलं, "मीटरमध्ये कुणी मुद्दाम काही केलं, की आपोआप बिघडलं, हे तुम्हाला कसं कळायचं हो?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी जेवण थांबवून समजावून सांगितलं. आपोआप होणारा बिघाड एकसुरी असतो, एका जागी झिजतं ते पुन्हा तिथेच झिजतं. माणसाने केलेला बिघाड रोज नवा असतो, कारण माणसाला तेच तेच करायचा कंटाळा येतो. शिवाय स्क्रूच्या खाचेत ताजी चकाकी दिसते. माझ्या हयातीत एकही छेडछाड माझ्या नजरेतून सुटली नाही, हेही सांगितलं.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही."

"बाई बाई," त्या म्हणाल्या आणि मला आणखी भात वाढला.

८ मार्च, रविवार

मोठी बातमी. मेहुण्याने ठरवलंय, आईला कायमचं आपल्याकडे न्यायचं. येत्या रविवारी येतोय. त्याचं म्हणणं, "आज सुई विसरली, उद्या गॅस विसरेल. भाऊजींनीच सांगितलं म्हणून कळलं तरी." घर विकून टाकायचं. सामानाचं बघू, म्हणाला, पण मशीन भाऊजींनी न्यावं, त्यांनी एवढं केलंय.

माझा कानांवर विश्वास बसेना. म्हणजे माघारीची वाट बघावी लागली नाही!

ही रडली. मी समजूत घातली की तिथे लिफ्ट आहे, नातवंडं आहेत. ही म्हणाली, "आईला तिथे शिवायला कोण देणार? तिथे ती नुसती खुर्चीत बसेल." मी म्हटलं, नाही तरी आता त्यांना शिवता कुठे येतंय. त्यावर ही काही बोलायला गेली, थांबली आणि फणकाऱ्याने आत निघून गेली.

१२ मार्च, गुरुवार

मशीन खोलून बांधून आणायला गेलो होतो. हमाल दुपारी बोलावला होता.

सासूबाई खिडकीशी नुसत्या बसल्या होत्या. "घेऊन जा," म्हणाल्या, "तुमच्याकडे तेलपाणी होईल." आज काय बिघडलंय, असं मी सवयीने विचारलं. "आज काही नाही," त्या म्हणाल्या.

मी खाली बसून एकेक स्क्रू काढू लागलो. दाबपट्टीच्या स्क्रूची खाच चकाकत होती. माझ्या पेचकसाने असेल म्हणून रुंदी बघितली. माझा पेचकस रुंद आहे, ही खूण बारीक पात्याची. ताणाच्या स्क्रूवर तशीच, चाकाच्या चकतीवर तशीच. मी मान वर केली. शिवणाच्या डब्यात, कात्रीच्या शेजारी, बारीक पात्याचा पेचकस सरळ दिसत होता. त्यांनी तो लपवलासुद्धा नव्हता.

गेले सगळे गुरुवार माझ्या डोळ्यांपुढून गेले. सुई, चाक, पट्टा, होडी, ताण, दाबपट्टी. एकही बिघाड दुसऱ्यांदा नाही. विसरणारं माणूस तीच चूक पुन्हा करतं. ही चूक दर आठवड्याला विचार करून केलेली होती. आणि ते अभ्रे, तो एप्रन! मी कोण, तर म्हणे मीटर तपासनीस. धोब्याचं चुंबक पकडणारा.

आधी राग आला. खरंच आला, कान तापले. मग मनात आलं, एक एकटी म्हातारी आपलं चांगलं चालतं मशीन दर बुधवारी रात्री स्वतःच्या हाताने बिघडवते, कारण त्याशिवाय जावई येणार नाही. आणि जावई ती गोष्ट तिखटमीठ लावून तिच्या मुलाला सांगतो. मग राग आला तो कुणाचा, ते लिहायला नको.

स्क्रू पुन्हा बसवले. "काही भाग अडकलेत, पुढच्या खेपेला नेतो," म्हणालो. हमालाला परत पाठवलं. तो कुरकुरला. त्याला काय सांगणार?

१४ मार्च, शनिवार

खरं सांगून टाकावं हा पहिला विचार. आई विसरलेल्या नाहीत, मुद्दाम करत होत्या, मी यावं म्हणून. पण मेहुण्याला ओळखतो मी. तो म्हणेल, "म्हणजे ती इतकी एकटी पडलीय! मग तर नेलंच पाहिजे." खरं बोललो तरी त्या जाणार, गप्प बसलो तरी जाणार. इकडे आड तिकडे विहीर.

आणि समजा सांगितलं, तर त्यांचं हे गुपित चारचौघांत उघडं पडणार. माझ्यासमोर पडलं तेवढं पुरे.

दिवसभर ओट्याखालच्या मशीनसमोर बसून होतो. हात लावला नाही. हिने दोनदा विचारलं, "बरं नाही का?"

१५ मार्च, रविवार

झालं एकदाचं. सविस्तर लिहितो.

मेहुणा सकाळी आला. सामान भरायच्या पिशव्याही घेऊन आला होता. आम्ही सगळे सासूबाईंच्या खोलीत. माणूस वाईट नाही. आईजवळ बसला, हात हातात घेतला, म्हणाला, "आई, मला रात्री झोप लागत नाही गं. तू इथे एकटी, आणि आता असं व्हायला लागलं."

"कसं व्हायला लागलं?" सासूबाईंनी विचारलं.

"भाऊजी सांगा ना. सुई उलटी लावते, चाक ढिलं ठेवते..."

सगळे माझ्याकडे बघू लागले. सासूबाईही. त्यांच्या चेहऱ्यावर विनवणी नव्हती. मी काय करतो, एवढंच त्या बघत होत्या.

मी म्हटलं, "सुई मी उलटी लावली होती."

"काय?"

"पहिल्या दिवशी मशीन साधं तेलाला आलं होतं. मी सुई काढली आणि बसवताना उलटी बसवली. मग टाके सुटायला लागले. चाकाची चकती मीच ढिली केली, आवळायला विसरलो. होडी उलट भरली तीही मीच. प्रत्येक गुरुवारी एक नीट करायला जायचो आणि दुसरं बिघडवून यायचो. सांगायची लाज वाटली, म्हणून त्यांच्या नावावर खपवलं."

मेहुणा थक्क झाला. "पण भाऊजी, तुम्ही तर एक्सपर्ट..."

"माझ्याकडे अकरा मशिनं आहेत," मी म्हटलं, "त्यातलं एक शिवतं का विचार तुझ्या बहिणीला."

"एकही नाही," ही म्हणाली. विचार करायला एक क्षणही घेतला नाही.

मेहुणा हसायला लागला, मग त्याला आवरेना. नाचता येईना अंगण वाकडं, असंही म्हणाला. मी ऐकून घेतलं. सासूबाईंनी तेवढ्यात त्याच्या शर्टाचं लोंबणारं बटण पाहिलं, चष्मा न लावता एका फटक्यात सुई ओवली आणि त्याच्या अंगावरच बटण टाचून दिलं. त्यांच्या हाताकडे बघता बघता तो गप्प झाला. दुपारी पिशव्या रिकाम्याच घेऊन गेला. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊजी, एक विनंती आहे. आईच्या मशीनला आता तुम्ही हात लावू नका."

कबूल केलं. आता ते मशीन मला मिळणार नाही हे उघड आहे. ज्या माणसाला सुई बसवता येत नाही, त्याला असं मशीन कोण देईल? रात्री जेवताना हिने मला न मागता दुसऱ्यांदा भाजी वाढली. तेवढंच बोलली.

१९ मार्च, गुरुवार

आज जायचं काही कारण नव्हतं. मशीनला हात लावायची बंदी, आणि त्यात बिघाडही नाही. सकाळी कपडे करून बसलो. ही म्हणाली, "निघत नाही?" मी म्हटलं, "कशाला निघू?" ही घड्याळाकडे बघून अस्वस्थ झाली. शेवटी निघालो. जिन्यात हिच्या तीन मैत्रिणी वर येताना भेटल्या, मला बघून एकदम थबकल्या. एकीच्या हातात पत्त्यांचा जोड होता.

सासूबाई शिवत होत्या. मशीन झकास चालत होतं. मी दारातच उभा राहिलो.

"रविवारी खोटं छान बोललात," त्या पाय न थांबवता म्हणाल्या.

"तुम्ही एकट्या असता..." मी सुरुवात केली, "मला आधी कळायला हवं होतं. तुम्हाला कुणी यावंसं वाटतं, तर मशीन बिघडवायची गरज..."

त्यांनी चाकावर हात ठेवून मशीन थांबवलं.

"मी एकटी? अहो, चार घरच्या बायका माप द्यायला येतात, बसल्या की उठत नाहीत. गुरुवारी मी त्यांना येऊ नका म्हणून सांगायचे." त्या माझ्याकडे नीट बघत होत्या. "फेब्रुवारीत लेकीचा फोन आला. म्हणाली, आई, निवृत्त झाल्यापासून यांचं घरात मन लागत नाही, दिसेल ते उघडून बसतात, आज मिक्सर उघडला. यांच्याशी बोलायला कुणी नाही आणि मला चोवीस तास ऐकवत नाही. एक दिवस तुझ्याकडे पाठवू का? म्हटलं, पाठव. पण नुसतं बोलावलं तर जावई येतो होय? काम काढावं लागतं."

मी दया दाखवायला आलो होतो आणि गेले सहा आठवडे दया माझ्यावर चालली होती. मायलेकींनी मिळून. मला फार वाईट वाटलं, आणि त्याच वेळी उठून जावंसं मात्र वाटेना.

"धोब्याचा किस्सा?" मी विचारलं. "तोही उगाच ऐकलात?"

"पहिल्यांदा उगाच," त्या म्हणाल्या. "नंतर नाही."

मग त्यांनी कापडाची घडी केली आणि विचारलं, "बरं, आज काय काम काढलंत?"

मी इकडेतिकडे बघितलं. पट्टा जागेवर होता. नळही गळत नव्हता.

"काही नाही," मी म्हटलं. "सहज आलो."

सासूबाईंनी चष्मा कपाळावर चढवला. लग्न झाल्यापासून मी या घरी आमंत्रणाने आलो, आजारपणात आलो, मशीनसाठी आलो. सहज कधी आलो नव्हतो, हे आम्हा दोघांच्याही लक्षात आलं असावं.

"सहज येणाऱ्याने चहा आपला आपण करायचा असतो," त्या म्हणाल्या, "आणि मलाही द्यायचा." पुन्हा पाय मारायला लागल्या.

मी आत गेलो. इतक्या वर्षांत त्या स्वयंपाकघरात माझं पाऊल पडलं नव्हतं. साखर कुठे ठेवतात ते सापडेना, म्हणून मी आतूनच ओरडून विचारलं.